वीस मिनिटं पुढे

१४ जुलै, संध्याकाळ

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझं नाव देवापुढे घेतल्याशिवाय घास घेत नाही. हे गेल्यापासून एकटीसाठी दोन दिवसांचं एकदम रांधते, गॅस वाचतो. तुझी पाठ कशी आहे? तुरुंगात लोकरीची बनियन आत घेऊ देतात का, विचारून लिही.

पत्रात तू पुन्हा पोलिसांना, न्यायाधीशांना बोल लावलास. इथेही सगळे म्हणतात, कोर्टात काही राम उरला नाही. मी नुसती मान हलवते.

परवा खालची शिवणवाली सुई मागायला आली. भिंतीकडे बघून म्हणाली, "अहो काकू, घड्याळ अजून वीस मिनिटं पुढेच? आता कुणाची बस चुकतेय?" हसत निघून गेली. मी दार लावून घड्याळासमोर जाऊन उभी राहिले.

ह्यांची कारखान्याची बस चुकू नये म्हणून मीच ते पुढे ठेवलं होतं. त्या संध्याकाळी तू आलास तेव्हा त्यात सात वाजले होते. देवाची शपथ घेऊन मी कोर्टात सातच सांगितलं. ज्या दुकानासाठी तू आत आहेस, ते लुटलं गेलं पावणेसातला. तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात पाणी पीत होतास रे.

साक्ष देऊन घरी आले, घड्याळ पाहिलं आणि ती वीस मिनिटं आठवली. निकालाला अजून चार दिवस होते. हे म्हणाले, "आता शब्द फिरवलास तर भावासाठी खोटं बोलते म्हणतील. तुलाच आत घालतील." निकालात लिहून आलं, सख्खी बहीणसुद्धा सातच सांगते.

सहा वर्षं मी माझं न बोलणं ह्यांच्या नावावर ढकललं. खरं तर 'ताई कधी खोटं बोलत नाही' हे माझं नाव मलाच सोडवलं नाही.

आज वकिलांकडे सगळं लिहून दिलं. चष्मा पुसत म्हणाले, "इतकी वर्षं कुठे होतात, बाई? घड्याळाचं कोण ऐकणार?" शिवणवाली सोबत होती. ती म्हणाली, "साहेब, अख्ख्या इमारतीला विचारा. त्या घड्याळाला आम्ही सगळे हसतो." तिचीही सही घेतली. सोमवारी अर्ज देणार आहेत. पुढचं मला माहीत नाही, तुला उगाच आशेला लावत नाही.

यापुढे कोर्टाला शिव्या घालशील तेव्हा त्यातला माझा वाटा विसरू नकोस. रविवारी भेटीला येते. भेटायचं नसेल तर तसं आतून सांगून पाठव, मी फाटकाबाहेर थोडी बसून परतेन.

घड्याळाला हात लावलेला नाही. कुणी पाहायला आलंच, तर त्याला जसं आहे तसं दिसू दे.

तुझी, अजून म्हणवत असेल तर,
ताई

घड्याळात सात. खरे सहा चाळीस.