सोडचिठ्ठीचा मजकूर

हिंगोली,
माघ वद्य, शके १८६६

प्रिय मिरा,

पत्राची सुरुवात बघून तुझे वडील चमकतील. सून विधवा असेल तर तिच्या नावाआधी गं. भा. लिहायचं, अशी रीत आहे. मी टाक दौतीत बुडवला, ती दोन अक्षरं लिहायला गेलो आणि थांबलो. मग प्रिय लिहिलं. आपल्या घरात हा शब्द कुणी कुणाला लिहिलेला नाही. शाळेत मात्र तो मी वर्षानुवर्षं शिकवतो आहे, कारण इंग्रजी पत्र त्याच्याशिवाय सुरूच होत नाही.

त्यावरून परवाची एक गंमत सांगतो. तुला ठाऊकच आहे, आमच्या सरकारी मदरशात सगळं शिक्षण उर्दूतून. इंग्रजीसुद्धा मी उर्दूतून शिकवतो, आणि पोरं ती मनातल्या मनात मराठी करून घेतात. असे तीन उंबरे ओलांडून शब्द आला की कुठंतरी ठेचकाळतोच. छावणीतला शंकरसिंग म्हणून एक पोरगा आहे, मेहनती. त्याला मी पत्राचा तर्जुमा करायला दिला. 'माय डिअर फादर' याचं त्यानं केलं, 'मेरे महँगे वालिद.' नेमके त्याच वेळी हेडमास्तरसाहेब दारात उभे. म्हणाले, "क्या मास्टरसाब, बाप की भी बोली लगा दी?" वर्ग खदखदून हसला. शंकरसिंग मात्र जागचा हलला नाही. "साब, डिक्शनरी में यहीच लिखा है," म्हणाला. आणि खरंच लिहिलेलं आहे. डिअर म्हणजे प्यारा, आणि डिअर म्हणजे महाग. मी घरी येऊन हे तुझ्या सासूला, आत्याबाईंना, सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मंग चुकलं काय लेकराचं? बाप काय बाजारात सस्ता मिळून राहिला?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. त्यांचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं. हसता हसता भाकरी एका बाजूनं करपली, आणि ती मी खाल्ली.

आता कामाचं. मी पोरांना सांगतो की पत्रात आधी कारण लिहा, बाकीचं मागून. आज माझ्याच हातून उलटं झालं. मागच्या मंगळवारी बाजाराला तुझे वडील सटवाजी आले होते. ओट्यावर बसले, पाणी प्याले, हळदीचं बोलले, बैलाचं बोलले, तुमच्या कुरुंद्यातल्या विहिरीचं बोलले. मला वाटलं आता उठतील. तेव्हा म्हणाले, "मास्तर, लई अवघड बोलाय आलो." गोरेगावच्या ज्ञानबानं तुला विचारलं आहे. त्याची बायको वारली, पदरी लहान मुलगी आहे, थोडं रान आणि मेंढरं आहेत, ती चारायला तो मुलीला घेऊन कुरुंद्याच्या शिवारात येतो. आपल्यात बाईचं दुसरं लग्न पाट लावून होतं, त्यात काही वावगं नाही. पण पंचांनी अडवलं आहे. आधीच्या घरानं सोडल्याचा कागद दिल्याशिवाय पाट लावायचा नाही, आणि तो कागद सासऱ्याच्या हातचा पाहिजे. सटवाजी म्हणाले, "तुमी न्हाई म्हनले तर इथंच मिटलं. मी काही मनात धरनार न्हाई. पन व्हय म्हनले तर लेखी द्या, मास्तर. सोडचिठ्ठी." एवढं बोलून त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तुझं पत्र त्यांनी जाताना दिलं.

त्या दिवसापासून हा कागद माझ्यापुढे आहे. मजकूर अवघा एका ओळीचा. मदरशात अर्ज, रजा, दाखले, सगळं मीच लिहितो. ही एक ओळ काही लिहून होईना.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा तुला चार इयत्ता मराठी येत होती. आमचा उत्तम तेव्हा स्टेशनात तारबाबूच्या हाताखाली नुकताच लागला होता. रात्रपाळी नसली की तो माझ्याजवळ इंग्रजीचा धडा घेऊन बसायचा, आणि तू तांदूळ निवडायच्या निमित्तानं दाराशी. एवढे तांदूळ आपल्या घरी शिजत नव्हते, हे मला कळत होतं. एकदा नाइफ हा शब्द आला. उत्तमनं विचारलं, हा पुढचा के कशाला, उच्चार तर होत नाही. मी म्हणालो, काही अक्षरं गप्प असतात. लिहायची, पण म्हणायची नाहीत. तू सूप न थांबवता म्हणालीस, "म्हंजे मामंजीवानी. घरात हायेत, पन आवाज न्हाई." उत्तमला हसू आवरेना. आत्याबाई आतून ओरडल्या, "काय गं, सासऱ्याला काय बोलून राहिली?" मी पुस्तकात बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच शिकवताना मला हसू आलं आणि पोरं बघत राहिली. मास्तर हसतात, हे त्यांनी प्रथमच पाहिलं.

तेव्हापासून तूही उघडपणे धड्याला बसायला लागलीस. नात्यांचे शब्द आले तेव्हा मी सांगितलं, इंग्रजीत सून या शब्दाला तीन शब्द लागतात, डॉटर इन लॉ. कानूनातली मुलगी. तू लगेच विचारलंस, "आन कानून बदलला तर?" मी पुढचा शब्द घेतला. त्यांच्याकडे काका, मामा, आत्याचे यजमान, सगळ्यांना एकच शब्द, हे ऐकल्यावर तर तू म्हणालीस की लग्नात रुसायला कुणी येत असेल की नाही कोण जाणे. शिकवायला बसून शिकण्यासारखं असतं, असं आम्ही मास्तर लोक म्हणतो खरं. पण ते तुझ्यामुळे मला थोडंफार पटलं. शब्द मला नेहमी पाठ असत. तू ते उलटून पालटून बघायचीस, बाजारात गाडगं वाजवून घ्यावं तसं.

उत्तमच्या आजारपणाचं मी लिहीत नाही. तूही तिथंच होतीस. विषमज्वरात तो शेवटी बोटांनी खाटेच्या लाकडावर तारेची टकटक करायचा, आणि तू त्याच्या हातावर हात ठेवून बसायचीस, एवढंच लिहितो. नंतर घरात बोलणं उरलं नाही. मी पहिल्यापासून कमी बोलणारा, त्यामुळे माझ्यात काही बदल झाला असं लोकांना वाटलं नाही. तू मात्र रोज संध्याकाळी कंदील पुसून धड्याच्या जागी ठेवायचीस, धडा नसला तरी. एक दिवस मी पुस्तक घेऊन तिथं बसलो. तू पुढे बसलीस. कितवा धडा होता आठवत नाही. त्यानंतर मी शाळेत पुन्हा नीट शिकवू लागलो. वर्षानं तुझ्या आईला दुखणं लागलं आणि सटवाजी तुला कुरुंद्याला घेऊन गेले. तेव्हा वाटलं होतं, हळद निघाली की येशील.

आता मी बरा आहे. हे रीतीपुरतं लिहीत नाही, खरंच बरा आहे. सकाळी शाळा, दुपारी थोडी झोप, संध्याकाळी स्टेशनपर्यंत चक्कर. पूर्णेहून गाडी येते, ती बघतो आणि परततो. सुरुवातीला तिकडे पाऊल वळत नव्हतं. आता तारघराची टकटक ऐकू येते, आणि ऐकावीशी वाटते. आत्याबाईंनी परसात घोसाळी लावली आहेत आणि ती आम्हा दोघांना संपत नाहीत. शेजारच्या धुरपताबाई नेतात, आणि आमटी करून अर्धी परत आणून देतात.

तुझं पत्र मी मास्तरच्या डोळ्यांनी वाचलं. राग मानू नकोस, सवय आहे. तू लिहिलंस, 'ते फार बोलत नाहीत, पण बोलायच्या आधी विचारतात.' पुढे लिहिलंस, 'त्यांची मुलगी आधी माझ्याकडे येत नव्हती, पण आता तिला माझ्याच हातची वेणी लागते.' आणि शेवटी, 'माझं काही अडलेलं नाही, मामंजी. तुम्ही नाही म्हणालात तर मी आहे तशी राहीन.' मी पोरांना सांगतो, वाक्यात पण आला की त्याच्या मागचं ऐका. माणूस पणच्या आधी लोकांसाठी लिहितो आणि नंतर आपल्यासाठी. तुझ्या पहिल्या दोन्ही वाक्यांत पण आहे. शेवटच्या वाक्यात नाही. ते वाक्य तू माझ्यासाठी लिहिलंस. म्हणून मी ते बाजूला ठेवलं आणि पहिली दोन धरली. तुला तिथं जायचं आहे. ते कळल्यावर मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. थोडा वेळ उत्तमचा फोटो बघत बसलो आणि मग शांत झोप लागली.

तरीही मजकूर काही जमेना. 'सोडली' असं लिहिलं, ते खोडलं. 'मोकळी केली' लिहिलं, तेही खोडलं. 'आमचा हक्क राहिला नाही' असं कुळकर्ण्यांच्या तोंडचं वाक्य लिहिलं, आणि ते वाचून माझीच मला लाज वाटली. ज्ञानबाचं नाव ऐकून आत्याबाई आत गेल्या होत्या, आणि त्या रात्री जेवल्या नव्हत्या. काल त्यांनी विचारलं, "काय एवढं खोडून राहिले?" मी सांगितलं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि फाडकन म्हणाल्या, "सोडायला पोरगी काय दावनीला बांधली व्हती? पंचायला म्हनावं, ढोर इकत घेऊन राहिले का?" मग उठल्या त्या ट्रंक उघडायला. तुझ्यासाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं आहे.

म्हणून हे पत्र. पंचांनी मागितलेला कागद हाच आहे, दुसरा येणार नाही. वरचा सगळा मजकूर तुझा आहे. तो कुणाला दाखवायचं कारण नाही. खालच्या चार ओळी मी वेगळ्या, ठळक अक्षरांत लिहितो आहे, आणि आई म्हणून त्यात आत्याबाईंचं नाव घालतो आहे. तेवढा भाग कात्रीनं कापून सटवाजींच्या हाती दे आणि पंचांपुढे वाचायला सांग:

"मिरा ही माझी लेक आहे. गोरेगावच्या ज्ञानबाशी तिचं लग्न व्हावं, अशी माझी आणि तिची आई द्वारकाबाई हिची इच्छा आहे. लेक दिली तरी ती बापाची राहते, म्हणून सोडल्याचा शब्द यात घातलेला नाही. तातेराव, इंग्रजीचे मास्तर, हिंगोली."

पंच कुरकुरतील. म्हणतील, सासरा बाप कसा झाला. त्यांना सांग, वाद घालायचा असेल तर मास्तर स्वतः येत आहेत. पाट रात्री लावतात आणि आधीच्या घरचं माणूस तिथं फिरकत नाही, हे मला ठाऊक आहे. मुहूर्त त्यांनी काढावा. आम्ही दोघं मात्र आदल्या दिवशी सकाळच्या उजेडात, गावातल्या मोठ्या रस्त्यानं बैलगाडीतून येऊ आणि तुझ्या बाजूनं बसू. लग्नानंतर पहिल्या सणाला तू, ज्ञानबा आणि ती मुलगी इकडे यायचं. मुलीचं नाव तू पत्रात लिहिलंच नाहीस. ते कळव, म्हणजे तिच्यासाठी परकर शिवताना आत्याबाईंना तिला काय म्हणावं ते कळेल.

तुझाच,
तातेराव