‘कळवते’ म्हणणारी बाई

४ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! कंपनीने ऑफिससमोरच्याच इमारतीत खोली दिलीये. खिडकीपाशी टेबल आणि गादी इतकी मऊ, की मुद्दाम ताईला फोन करून चिडवलं. भरतीचं काम बघणाऱ्या बाई फोनवर अगदी गोड बोलल्या. उद्या दहाला मुलाखत, तासाभरात मोकळ्या व्हाल म्हणाल्या. नऊ वर्षं इमारतींचे आराखडे काढलेत, घाबरायचं कशाला? तरी शर्टाला दोनदा इस्त्री केली.

५, मंगळवार
दहा ते पाच चौथ्या मजल्यावर बसून होते. साहेब म्हणे मीटिंगमध्ये. बाई फोन उचलेनात. संध्याकाळी निरोप आला, उद्या नक्की कळवते. शेजारच्या खुर्चीत पिकल्या केसांचे एक काका होते, मांडीवर फाइल घेऊन. बोलले काहीच नाहीत, नुसते हसले.

७, गुरुवार
काल पुन्हा नुसतं बसवलं. आज बोलावलं. तिघे जण, मध्ये रेकॉर्डर. आराखड्यांबद्दल अवाक्षर नाही. घरी कोण कोण, ताईला हाक कशी मारता, चिडल्यावर काय बोलता. दुपारी दुसरे तिघे, पुन्हा तेच. निकाल विचारला तर कळवतो. मी ठणकावून सांगितलं, माझा वेळ काही रस्त्यावर पडलेला नाही. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. नीट रेकॉर्ड झालं नव्हतं म्हणे.

११, सोमवार
तिसरी फेरी. घसा पार बसलाय. काकांनी फाइलच्या पाठीवर लिहून दाखवलं: त्यांच्या सात फेऱ्या झाल्या, आवाज तिसरीनंतर गेला. तरी त्यांचा मुलगा रोज फोनवर त्यांच्याशी गप्पा मारतो. मी निघू या म्हटलं. त्यांनी लिहिलं, मुलगा खूश आहे, आता कुठे जाऊ?

१२
बाईंचा फोन. चौथी फेरी उद्या. पण बाईंचा आवाज माझा होता. ‘कशाला’ मधला ‘शा’ मी ओढते, तस्साच—
ओरडायला गेले. नुसती हवा.

१३, सकाळ
ताईचा मेसेज. काल तासभर बोललीस गं, बरं वाटलं. तू म्हणालीस म्हणून मीही अर्ज केलाय, दुपारी पोचते.
येऊ नकोस— तीनदा पाठवलं. जात नाही.
रडत बसणार नाही. आवाज नेला, हात माझाच आहे.

१३, दुपार
चौथा मजला, लिफ्टसमोर. खाली गेटवर थांबू देत नाहीत. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. फाइल खुर्चीत टाकून दिली, शाब्बास. काउंटरवरची मुलगी बसा बसा म्हणतेय. नाही बसत.

लिफ्ट उघडली.
ताई, हे वाच. फोनवर बोलते ती मी नाही. मी ही, तुझ्यासमोर. इथे कुणाशी बोलू नकोस. चल.

वाचलं तिने. माझा हात धरलाय. तिचा फोन वाजतोय— उचलू नको—
उचलला. म्हणाली, “माझी बहीण माझ्यासमोर उभी आहे. तू कोण?”
फोनमधून उत्तर आलं. ताईच्या आवाजात. म्हणजे कालचा तासभर तिलाही रेकॉर्ड करत होते.

लिफ्ट बंद पडली. जिन्याने— काका पुढे— तिसरा मजला— वरून कोणीतरी हाका मारतंय, माझ्या, ताईच्या, काकांच्याही आवाजात— मारू देत— हात सुटलेला नाही— दुसरा मजला— खालून पण त्याच हाका—