बाळंतिणीनं नेमकं खायचं काय

३ नोव्हेंबर, सोमवार

दोन किलो नऊशे! मागच्या सोमवारीही दोन किलो नऊशेच होतं. काटा बिघडलाय का म्हणून मी त्यावर माझी पर्स ठेवून बघितली. काटा ठणठणीत आहे. पोरगीच वाढत नाही.

महिना उलटून गेला तिला. नाव राजनंदिनी. नाव तेवढं दणकट, बाकी सगळी हाडं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगावरच्या दुधाशिवाय वरचं काही देता?" आई आणि आत्या एकदम, "न्हाई न्हाई!" - देवळात उभ्या असल्यासारख्या. (आत्या म्हणजे सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणायचं.) मग बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं पाजते हो, पण चार घोट घेते आणि ढाराढूर झोपते. त्या म्हणाल्या दर सोमवारी आणा. दोन आठवड्यांत नाही वाढलं तर ऍडमिट करू.

माझं रक्त तपासलं त्यात बी-बारा कमी, डी कमी. गोळ्या दिल्या.

येताना गाडीत दोघींनी निकाल लावून टाकला - "दूधच पुरत न्हाई पोरीचं." झालं! म्हणजे आता मला चारणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आत्यांची अळिवाची खीर. वर लिंबाएवढा तुपाचा गोळा. तो विरघळेपर्यंत आईचा पायाचा रस्सा आला, वर चरबीचा बोटभर तवंग. मग डिंकाचा लाडू. मग "एवढं काळीज खा, त्यानं बारा नंबरचं जीवनसत्त्व वाढतं" - हे आई. मग शेपू. मग परत तूप. मी बाळंतीण आहे की जत्रेचा बोकड?

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी. पण आत्या म्हणाल्या, दवाखाना इथं कऱ्हाडात, आणि पोर कुठं वडूजच्या माळावर न्यायची! आई म्हणाली, मग मीच येते. आली ती दोन शेळ्या टेम्पोत घालून. उसाच्या मळ्यातल्या घराच्या दारात शेळ्या बघून आत्यांचं तोंड असं झालं, असं झालं!

माझं आणि जयराजचं लव्ह मॅरेज. आमचं मेंढरामागचं घर, ह्यांचं बागायतीतलं. वर्षभर दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आता एकाच शेगडीच्या दोन बर्नरवर भांडतात. ह्यालाच प्रगती म्हणायचं.

"इनबाई, तुपानं नुसती ढेरी सुटती. दूध हाडातनं येतं." - ही आई.

"हाडातनं तुमच्यात येत आसंल, इनबाई. आमच्यात अंगातनं येतं."

मी मधल्या खोलीत. ढेकर देते आणि ऐकते.

६ नोव्हेंबर

रेश्माताईचा फोन, सांगलीहून. माझी थोरली नणंद. तिनं नैसर्गिक आहाराचा ऑनलाइन कोर्स लावलाय. "सोनम, दूध-तूप आजपासून बंद! बाळाला गॅस त्यानंच होतो. गाईचं दूध वासरासाठी असतं."

मी म्हटलं, आणि माझं?

"तुझं राजनंदिनीसाठी!"

मी म्हटलं, तिला कुणीतरी सांगायला पाहिजे.

ताई हसली नाही. नैसर्गिक आहारात हसणं बसत नसावं.

८ नोव्हेंबर, शनिवार

गोळ्या सापडत नाहीत. आत्यांना विचारलं तर "कुटं ठिवल्या काय की" म्हणत डबे पुसायला लागल्या. शेवटी मेथीच्या डब्यामागं मिळाल्या. "गोळ्यांनी दूध कडू हुतं गं." म्हटलं आत्या, चाखून बघितलंय का कुणी? तर पदर तोंडाला लावून खो-खो हसल्या. हसल्या की वीस वर्षांनी लहान दिसतात. पण गोळ्या द्यायला तयार नाहीत. त्यांची पाठ वळल्यावर मीच उचलल्या, आता उशीच्या अभ्र्यात ठेवते, चोराच्या मालासारख्या.

मामांचं - सासऱ्यांचं - वेगळंच. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. "डी फुकाट मिळतं! सकाळी अंगणात फॉलइन!" मी पोरीला घेऊन उन्हात उभी, मामा हातात घड्याळ घेऊन समोर. फक्त सॅल्यूट तेवढा राहिला.

९ नोव्हेंबर

जयराजचा व्हिडिओ कॉल. तिकडं बर्फ. म्हणाला, एक व्हिडिओ पाठवलाय, बघ. बघितला - त्यात तूप अमृत. खाली दुसरा आपोआप लागला - त्यात तूप विष. दोन्ही माणसांची दाढी सारखीच!

"वाढतीय ना गं पोरगी?" म्हणाला. म्हटलं, वाढतीय. तिकडं बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं?

१० नोव्हेंबर, सोमवार

दोन किलो नऊशे वीस.

आत्या म्हणाल्या, वाढलं की! वीस ग्रॅम. माझ्या कानातल्याचं वजन असेल तेवढं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मांडीची कातडी चिमटीत धरून बघितली फक्त. सैल आहे. पुढच्या सोमवारी मुक्कामाची पिशवी भरून या म्हणाल्या.

मला भीती वाटतेय. चेष्टा करते म्हणून लोकांना वाटतं हिला काय पडलेलं नाही. अंगावर दूध आहे, ब्लाऊज भिजतो माझा, आणि ती तोंड फिरवून झोपते. मीच तिला आवडत नाही की काय असं वाटतं. वेड्यासारखं वाटतं, पण वाटतं.

१२ नोव्हेंबर

बयाबाई शेजारच्या बघायला आल्या. सल्ला - करडईची भाजी आणि सुकट. त्यांच्या सुनेनं सल्ला दिला - सुकट अजिबात नको. दोघी एकमेकींच्या चपला घालून आलेल्या.

आज जेवण : तूप-भात, रस्सा, खीर, लाडू, सुकट. माझं वजन पाच किलोनं वाढलंय. ज्याचं वाढायला पाहिजे ते सोडून घरात सगळ्यांचं वाढतंय. शेळ्यासुद्धा जाड झाल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रेश्माताई आली. पिशवीत लोणी! म्हटलं हे काय?

"आता लोणी चालतं. तूप, चरबी सगळं चालतं. धान्य बंद करायचं. भाकरीनंच सगळा घोटाळा होतो."

"अगं ताई, मागच्या आठवड्यात दूध वासराचं होतं!"

"ते दुसरे सर होते."

आईला मात्र ताई एकदम आवडायला लागली. चरबी चालते म्हटल्यावर! दोघी चुलीपाशी बसून अर्धा तास बोलत होत्या. भाकरी बंद म्हटल्यावर आई उठून गेली. आमच्याकडं भाकरीला वाईट बोललेलं चालत नाही.

ताई पोरीला घेऊन बराच वेळ परसात फिरत होती. मला झोप म्हणाली. तशी चांगली आहे हो ती. दूध-लोण्याच्या पलीकडं चांगली आहे.

१६ नोव्हेंबर

पिशवी भरली. दुपटी, टोपडी, माझे दोन गाऊन. आईनं त्यात कोयता ठेवला, नजरेसाठी. मी काढला. तिनं परत ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते आयुष्यात विसरणार नाही. लिहिताना राग येतोय का हसू, कळत नाही.

वजन - दोन किलो नऊशे. वीस ग्रॅम होते तेही गेले.

डॉक्टरीणबाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर हात फिरवला. आणि पोरीनं भळकन ओकलं! पांढऱ्या कोटावर. पिवळं-तपकिरी. बाईंनी बाहीचा वास घेतला. परत वास घेतला.

"हे वेखंड आहे."

बाईंनी बाही आमच्या नाकापुढं धरली.

"हळकुंड पण आहे. जायफळही असेल. कोण देतं हिला गुटी?"

आत्या खाली बघायला लागल्या. "दोन टायमाला... सहाणेवर उगाळून, एवढी एवढीच. सगळ्यांनाच देत्यात की. त्यानं बाळ शांत झोपतं."

"झोपतंच आहे ते!" बाई कडाडल्या. आईनं लगेच संधी साधली - "बगा की! आन मला म्हणत हुत्या शेळीचा वास!" बाईंनी मान वळवली. "कसला शेळीचा वास?" आईचा चेहरा असा पडला! "शेळीचं दूध... कापसाच्या बोळ्यानं... पाणी घालून... तीन-चार डाव. पोर उपाशी बगवंना हो मला."

बाईंनी चष्मा काढला. "अजून कोण?"

मला वाटलं झालं. तर दारातून आवाज - मामा! गाडी लावून आले होते. खाकरले, ताठ उभे राहिले. "मी फकस्त मधाचं बोट लावतो. सकाळच्याला. आवाज गोड हुतो."

मध! बाईंनी कपाळाला हात लावला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, जिवावर बेततं, असं ओरडून सांगितलं. सुभेदार लालासाहेबांनी आयुष्यात कुणाचं एवढं ऐकून घेतलं नसेल. आणि मला शनिवारची आठवण झाली. फोन काढला, स्पीकरवर टाकला. "ताई, परवा परसात काय दिलंस हिला?"

"काही नाही गं! चमचाभर नारळपाणी. ते नैसर्गिक असतं."

बाहेर रांगेतल्या बायका दारातून वाकून बघत होत्या. मी आधी हसले. मोठ्यानं. मग रडायला लागले आणि मग ओरडले. आत्यांवर, आईवर, सगळ्यांवर. दोन आठवडे मला बकऱ्यासारखं चारत बसले, आणि पोरीचं पोट हे चोरून चोरून भरत होते! कोण काय म्हणेल ह्याची शुद्ध नव्हती मला.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग सगळ्यांना म्हणाल्या - "आईनं तूप खाल्लं काय, पाया खाल्ला काय, पोटभर साधं जेवली तरी चालतं. गोळ्या मात्र घ्यायच्या. दूध येतं ते बाळ ओढतं म्हणून. त्याचं पोट वरच्यानं भरल्यावर ते ओढेल कशाला? ह्या मुलीच्या दुधात काही खोट नाही. कधीच नव्हती."

ऍडमिट केलं नाही. एक आठवडा दिला. थेंबभर पाणीसुद्धा वरचं नाही. मध्ये सुस्त वाटली तर लगेच आणा.

परत येताना गाडीत आई खिडकीतून ऊस बघत होती. आत्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता. राग आला असेल. येऊ दे.

१८ नोव्हेंबर

भुकेनं रडली! पहिल्यांदा! आणि मग अशी तुटून पडली की मी "आई गं" म्हणून ओरडले. आई धावत आली. म्हटलं काही नाही, दुखतंय. किती बरं वाटतंय म्हणून सांगू.

सहाण देव्हाऱ्यामागं गेली. शेळीचं दूध चहाला. मामा पोरीजवळ येतात, दोन्ही हात मागं बांधून बघतात आणि जातात.

२१ नोव्हेंबर

दिवसभर पिते. दुसरा धंदा नाही. भूक मला लागते आता, खरी भूक. भाकरी आणि वांग्याची भाजी मागितली. दोघी एकदम उठल्या, दारात धडकल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तीन किलो एकशे चाळीस!!!

मामांनी दवाखान्यातच पेढे वाटले. (मोठ्यांना.) आणि गाडीत बसायच्या आत श्रेय वाटून घेणं सुरू! आई - "पायाचा रस्सा उशिरा लागू हुतो." रेश्माताईचा मेसेज - "बघ, धान्य कमी केल्याचा परिणाम." मी रोज चार भाकरी खातेय! मामा म्हणे ऊन. जयराज म्हणे त्यानं नवस बोलला होता. नवस कशाचा? तर तुपाच्या दिव्याचा!

आत्या काही म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते तुपाची. काहीच नाही. जरा चुकल्यासारखं झालं मला. त्या दिवशी जास्तच बोलले की काय?

१ डिसेंबर, सोमवार

तीन किलो चारशे. आई शेळ्या घेऊन आज गावाला गेली. घरात आत्या आणि मी.

दुपारी आत्या पोरीला तेल लावत होत्या. मांडीला बोट लावून बघितलं, भरलीय. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "रेश्माच्या आदी एक झाली हुती मला. पोरांना ठावं न्हाई. अडीच महिन्यांची गेली. अशीच झोपायची, प्यायचीच न्हाई. समदी म्हणली, आईचं दूध पातळ. मीबी तसंच धरून बसले. माज्या सासूबाई बी दोन टायम गुटी द्यायच्या तिला."

तेलाचा हात तसाच राहिला.

"सोनम, तवा दूध बरं आसंल का गं माजं?"

मी म्हटलं, चांगलं होतं, आत्या. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.