हेमा, तो नियम बदललाच नव्हता

प्रिय हेमा,

तुझ्या लेकीने मला आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलंय आणि फर्मान काढलंय, "मावशी, आधी आईला लिही. सगळं. मग मी बॅग भरते." शनिवारी सकाळी आमचं विमान, आज गुरुवार, आणि सईची बॅग वरच्या खोलीत उघडी ती उघडीच पडली आहे. तेव्हा लिहिल्यावाचून सुटका नाही.

कुठे चाललोय विचार! आयर्लंडला. समुद्राकाठच्या त्याच पांढऱ्या बुटक्या घरात, जिथे सहा वर्षांपूर्वी आपण दोघी जाणार होतो आणि विमानतळावरूनच परत आलो.

त्याबद्दलच सांगायचं आहे. "नियम आत्ताच बदललेत म्हणे," असं मी तुला तिथे काउंटरसमोर सांगितलं ना? काहीही बदललं नव्हतं. मी नियम वाचलाच नव्हता. चूक माझी होती, सगळीच्या सगळी माझी, आणि तू जाईपर्यंत मी तुला ते सांगितलं नाही. घे, लिहिलं एकदाचं.

चूकही कसली, तर आपल्यासारख्यांनीच करावी अशी. नवऱ्यांच्या मागोमाग डिपेंडंट म्हणून नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला आलो, हातात इथलं रेसिडन्स कार्ड पडलं आणि आपण जग जिंकलं. त्या कार्डावर पॅरिस झालं, जर्मनी झाली. एकदा तर सायकली हाणत आपण बेल्जियममध्ये शिरलो. सीमा कुठे गेली ते कळलंच नाही म्हणून तू मागे वळून वळून शोधत होतीस, आठवतं? आठ वर्षांत कुणी कधी काही विचारलं नाही. मग आयर्लंड काय, युरोपातच आहे की! ऑफिसातल्या एका डच मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली, कार्ड पुरतं. तिच्याकडे पासपोर्ट इथला, माझ्याकडे भारताचा, एवढा साधा फरक माझ्या डोक्यात आला नाही. तिकिटं काढताना एक चौकोन आला होता, "व्हिसा लागतो का ते मी तपासलं आहे." मी टिक केली आणि पुढे गेले.

काउंटरवरच्या मुलीने आपले पासपोर्ट उलटेपालटे करून विचारलं, "व्हिसा फॉर आयर्लंड?" तू ऐटीत कार्ड पुढे केलंस. तिने मान हलवली. "आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, मॅडम. त्यांचा वेगळा व्हिसा लागतो." तू माझ्याकडे पाहिलंस, आणि त्या एका क्षणात माझ्या तोंडून ते खोटं निघून गेलं.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं गं! तू माझी पाठ थोपटलीस. "तुझा काय दोष? या लोकांना रोज नवे नियम लागतात." बसस्टॉपवर डबा उघडून मला बेसनाचा लाडू भरवलास. नंतर वर्षभर कुणी त्या फजितीवरून मला छेडलं, की माझ्या आधी तूच उसळायचीस, "वर्षाने सगळं नीट केलं होतं, नियमच बदलले." प्रत्येक वेळी मी मान खाली घालून चहा गाळायचे. सगळे समजायचे, किती नम्र आहे बाई!

आणि तुझा हट्ट तरी काय होता! समुद्र तर इथेही आहे, दोन तासांत ट्रेन नेऊन सोडते. पण तुला इथला समुद्र पसंत नव्हता. "रांगेत उभा असल्यासारखा वाटतो," म्हणायचीस. तुला कातळ हवा होता, डोंगर थेट पाण्यात उतरलेला हवा होता. आयर्लंडच्या फोटोत तू दगडावर दगड रचलेल्या बुटक्या भिंती पाहिल्यास आणि ओरडलीस, "अगं, हे तर आमचे गडगे!" झालं, तिथेच ठरलं. गुहागरकडची मुलगी, घरामागे माड-पोफळी, त्यांच्यापलीकडे समुद्र, आणि जन्मभरात पाण्यात गेलेली कुठवर? घोट्यापर्यंत. घरातल्या मुलींनी आत जायचं नाही. भाऊ डुंबायचे आणि तू काठावर त्यांचे कपडे सांभाळायचीस. लग्नानंतर माहेरी गेलीस तरी तेच, कारण तिथे तू कायम अमक्याची मुलगी. "मला असा समुद्र पाहिजे, वर्षा, जिथे मी कुणाची कुणी नाही."

तिथे काय काय करायचं ते तुझं पाठ होतं. आठवडाभर पोळी लाटायची नाही, पाव, लोणी आणि सूपवर राहायचं. ओहोटी लागली की खडकांवर जायचं. तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, दिसल्या तर आधी गावकऱ्यांना विचारायचं, चांगल्या आहेत म्हणाले तरच उचलायच्या, आणि त्या तू शिजवणार, मी नाक मुरडत खाणार. शेकोटीत तिथली मातीची ढेपळं जाळतात ती आपण स्वतः पेटवायची. सील बघायचे. पाऊस पडो न पडो, मेंढरांच्या वाटेने टोकापर्यंत चालायचं. एक संध्याकाळ गावातल्या पबमध्ये म्हातारे फिडल वाजवतात तिथे बसायचं, आणि दारू न घेताही बसू देतात का ते विचारायचं काम माझं! एक दिवस खिडकीपाशी नुसतं बसायचं. आणि काही झालं तरी समुद्रात जायचं. घोट्यापर्यंत नाही. गळ्यापर्यंत.

विमानतळावरची चूक मी स्वतःला माफ करेनही एखाद्या दिवशी. पण त्यानंतरच्या वर्षाचं काय करू? व्हिसा मिळण्यासारखा होता. अर्ज भरायचा, पासपोर्ट पाठवायचा, वाट बघायची. तू दोनदा विचारलंस. मी म्हटलं, नवी नोकरी आहे, पुढच्या वर्षी बघू. खरं कारण वेगळंच होतं. तो अर्ज उघडला असता तर पहिल्याच पानावर तुला दिसलं असतं की हा नियम जुना आहे. माझी अब्रू वाचवायला मी तुझं वर्ष घालवलं. पुढचं वर्ष आलं तेव्हा तुझ्या पोटातलं दुखणं सापडलं होतं, आणि मग प्रवास उरला तो फक्त हॉस्पिटलचा.

तूही काही कमी नव्हतीस. शेवटच्या आठवड्यात, धड बोलवत नसताना मला म्हणालीस, "तू जा तिथे. आणि माझ्या नावाने फुलंबिलं सोडत बसू नकोस पाण्यात. स्वतः आत जा." हे काय मागणं झालं? तुला ठाऊक होतं की मी बादलीभर पाण्यालाही भिते. म्युनिसिपालिटीच्या तलावावर आपण बायकांच्या वर्गात नाव घातलं, तर दुसऱ्याच दिवशी नाकातोंडात पाणी गेलं म्हणून मी पळून आले. तू टिकलीस. इथल्या पोरांना, कालव्यात पडली तर म्हणून, द्यावी लागते तशी अंगावर कपडे घालून पोहण्याची परीक्षासुद्धा दिलीस, तीही लाल सलवार-कमीज घालून! कमीज फुग्यासारखी वर आली आणि तलावावरची झाडून सगळी माणसं टाळ्या वाजवत होती.

या वर्षी सई सोळाची झाली. फेब्रुवारीत ती आपण होऊन म्हणाली, "मावशी, मला आईच्या त्या घरी जायचंय." मी हो म्हटलं. तिचे बाबा, संदीपभाऊजी, नाही म्हणाले. तू गेल्यापासून ते तिला पावसातसुद्धा सायकलवर सोडत नाहीत. चार वेळा त्यांच्याकडे जाऊन बसले. चौथ्यांदा म्हणाले, "वहिनी, ती पाण्यात जाणार. तिच्याबरोबर पोहता येणारं मोठं माणूस असेल तरच पाठवीन." बिचाऱ्यांना वाटलं, आता ही बया गप्प बसेल.

दुसऱ्या दिवशी तलावावर जाऊन नाव घातलं. शेहेचाळिसाव्या वर्षी! शिकवणाऱ्या बाई त्याच. मला पाहून म्हणाल्या, "तुझी लाल कपड्यांतली मैत्रीण कुठे आहे?" मी सांगितलं. त्यांनी माझं नाव वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तू आता पळून जायचं नाहीस." आठवड्याला तीन सकाळी, ऑफिसच्या आधी. पहिला महिना मी नुसती कड धरून रडले. दुसऱ्या महिन्यात कड सोडली. परवा मंगळवारी फुलपँट, लांब बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून पाण्यात उतरले आणि पास झाले. प्रमाणपत्र घेऊन तशीच ओल्या केसांनी भाऊजींच्या दारात उभी राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सईच्या प्रवासाच्या संमतिपत्रावर सही केली.

माझा व्हिसा तर आधीच काढून ठेवला होता; सईचा पासपोर्ट आता इथला, तिला लागत नाही. या वेळी प्रत्येक चौकोन वाचून, मोठ्याने वाचून टिक केला. तिथून गाडी भाड्याने घेणार आहे. डावीकडून चालवायची, म्हणजे पुण्यासारखीच. तेही जमेल.

आता आजचं. दुपारी सई बॅग भरायला माझ्याकडे आली. स्वेटरची घडी घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, एक सांगू? तुम्ही तेव्हा जाऊ शकला नाहीत ना, दॅट वॉज मी."

मला कळेना. मग तिने सांगितलं. त्या सकाळी तू तिला सोडून पहिल्यांदाच सुट्टीला निघाली होतीस, म्हणून ती भडकली होती. दार लावताना डचमध्ये ओरडली होती, "तुझं विमानच जाऊ नये!" आणि चार तासांनी तू बॅग घेऊन परत दारात. तुला आठवतं, ती जिन्यावरून पळत वर गेली आणि जेवायलाही उतरली नाही? आपल्याला वाटलं, आई लवकर परत आली म्हणून लाजली. दहा वर्षांचं पोर गं! ते समजलं, की मी म्हणते ते होतं. मग तू आजारी पडलीस, तर तेही त्या सकाळच्या रागाचंच फळ म्हणून तिने स्वतःच्याच माथी घेतलं. त्या दिवसापासून ती कुणाशी रागाने बोललीच नाही. हेमा, आपण सगळे तिचं कौतुक करत होतो! किती समजूतदार, एवढीशी असून किती शहाणी, आवाज म्हणून चढत नाही! तूही करायचीस. मी तर सगळ्यांत जास्त.

मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. नियम, चौकोन, काउंटर, पुढच्या वर्षीची टाळाटाळ, सगळं. विमान तुझ्यामुळे चुकलं नाही, माझ्यामुळे चुकलं.

तिने अर्धवट घडीचा स्वेटर मांडीवर घेतला. मग म्हणाली, "एख्त? खरंच? सहा वर्षं? आणि आईला माहीतच नव्हतं?" मी म्हटलं, नाही. यावर ती जी उठली! डच, इंग्रजी, मराठी, मिळेल त्या भाषेत माझ्यावर ओरडली. मी भित्री आहे म्हणाली. खोटारडी म्हणाली. "यू लेट हर बी नाइस टू यू!" म्हणाली, आणि हे सगळ्यांत वर्मी लागलं, कारण खरं होतं. मग स्वेटर फेकून ती खोलीबाहेर गेली आणि तिने न्हाणीघराचं दार असं आपटलं, की शेजारच्या डच आजोबांनी भिंतीवर ठोकलं.

मी जिन्यात बसून रडले. पण तुला खरं सांगू? रडताना मला हसूही येत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझ्या लेकीने दार आपटलं. काय झकास आपटलं!

अर्ध्या तासाने लाल डोळ्यांनी बाहेर आली आणि मला या टेबलाशी आणून बसवलं. येणार नाही म्हणाली नाही. बॅग अजून भरली नाही, पण येणार नाहीही म्हणाली नाही.

आता ऐक. रविवारी, भरतीची वेळ गावात विचारून, मी पाण्यात जाणार. थंड असेल, असू दे. सई पुढे, मी तिच्यामागे हातभर अंतरावर, गळ्यापर्यंत. तिने मला माफ करावं असं मी तुझ्याकडे मागत नाही. तूही लगेच करू नकोस, तुझी ती पाठ थोपटायची सवय जरा आवर. मी तुला एवढंच वचन देते, की हे पत्र आधी ती वाचेल, आणि तिला हवं तर पुन्हा रागावेल. त्या घरी रागावू दे, समुद्रावर रागावू दे, तुझ्यावर रागवायचं असेल तर तुझ्यावरही. तू तिला सोडून गेलीस म्हणून तिने अजून एकदाही आरडाओरडा केलेला नाही. तो ती करेल तेव्हा मी तिथे असेन, आणि तिला शहाणी म्हणून गप्प करणार नाही.

तुझी,
वर्षा