फोटोतली मधली जागा

यात्सुशिरो,
वीस जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या तोकुजिरोचा कमरेत जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. इकडे चार दिवस (चार नको, साडेतीन म्हणू) बोचरं वारं सुटलंय. तुझा गुडघा कसा आहे? चौऱ्याऐंशीव्या वर्षी तू गेटबॉलच्या सामन्यात दुसरी आलीस आणि जी पहिली आली तिच्याशी भांडलीस, हे भाचीकडून कळलं. म्हणजे तब्येत उत्तम आहे. तू पाठवलेला कास्तेला केक पोचला. तुझ्या भावजयीला, फुसाएला, डॉक्टरांनी गोड बंद केल्यामुळे तो मला एकट्यालाच संपवावा लागला. पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी केक उरला नव्हता.

आता फुसाएचं सांगतो. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायचीय. बारा फेब्रुवारीला ऑपरेशन आहे. हे तिने मला भाजी चिरता चिरता सांगितलं, मोरीतला गळका नळ बदलायचाय अशा थाटात. मी म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, मी नाही घाबरले, तुम्ही उलटा पेपर धरून बसलाय. (खरं होतं.) मग तिने एकच गोष्ट मागितली. ऑपरेशनच्या आधी एकदा मला इझुमीचे क्रौंच दाखवा, म्हणाली. ताई, तीस वर्षं मी दर हिवाळ्यात त्या पक्ष्यांचे फोटो काढायला इझुमीला जातोय, आणि माझ्या चिखलाने भरलेल्या मोज्यांखेरीज तिने तिथलं काहीही पाहिलेलं नाही. कधी ये म्हटलं नाही मी. पक्ष्यांना माणसांचा आवाज चालत नाही असं सांगायचो, आणि फुसाएचा आवाज तर तुला माहीतच आहे.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालणार असाल तर जा. आम्ही दोघंच जाणार होतो. पण स्टेशनवर कुरोगी उभा. कुरोगी म्हणजे आमच्या फोटो मंडळाचा अध्यक्ष. गेल्या प्रदर्शनात माझ्या किल्ल्याच्या फोटोसमोर उभा राहून 'विटा छान आल्यात' म्हणणारा तो हाच. (किल्ला दगडी होता.) आम्ही जाणार हे त्याला कोणी सांगितलं? तर फुसाएने. तुम्हाला तिथे बोलायला कोणीतरी हवं, म्हणाली. तीस वर्षं मी कोणाशीही बोलावं लागू नये म्हणूनच तिथे जात होतो, हे तिला आता सांगून काय उपयोग?

सकाळी सामुराईंच्या जुन्या गल्लीत गेलो, कारण क्रौंच संध्याकाळी जास्त चांगले दिसतात आणि मला तिथल्या एका दगडी फाटकाचा फोटो हवा होता. शेवाळावर तिरकं ऊन यायला चाळीस मिनिटं थांबावं लागलं. फुसाए कठड्यावर बसून संत्री सोलत होती. पंचविसाव्या मिनिटाला तिने विचारलं, हा दगड उठून कुठे जाणार आहे का? कुरोगी खो खो हसला. ऊन आलं आणि नेमकी त्याच क्षणी फाटकासमोर बैलगाडी येऊन उभी राहिली, ती पर्यटकांना फिरवतात ना, तीच. गाडीवान जुन्या पद्धतीचा अंगरखा घातलेला, फार अदबशीर माणूस. माझा फोटो बिघडवल्याबद्दल त्याने पाच वेळा माफी मागितली आणि भरपाई म्हणून तुमचा तिघांचा एक काढून देतो म्हणाला. कुरोगीने आपला खिशातला छोटा कॅमेरा लगेच त्याच्या हातात दिला. मी माझ्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्याजवळ होतो तसाच मधे उभा राहिलो, उजवीकडे फुसाए, डावीकडे कुरोगी. गाडीवान 'हसा' म्हणतोय, तेवढ्यात फुसाए म्हणाली, तुमची कॉलर दुमडलीय, आणि मला कोपराने ढकलून स्वतः मधे घुसली. मला रागच आला. सकाळी मी स्वतः इस्त्री केली होती. कॉलर चाचपून पाहीपर्यंत खटका दाबला गेला होता.

आणि मग, ताई, मला आईचं बोलणं आठवलं. तिघांच्या फोटोत मधला माणूस आधी जातो. आई आपल्याला हे किती वेळा सांगायची. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण शिंपाची काकांचं आठव. नव्या वर्षाच्या फोटोत मधे उभे राहिले आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले. (ते एक्क्याण्णव वर्षांचे होते हे मान्य. पण तोपर्यंत ठणठणीत होते.) इथे तर बायकोचं ऑपरेशन महिन्याभरावर, आणि ती मधोमध उभी राहून छान हसतेय. तिला काही सांगायची सोय नाही. नसती भीती घालायची नाही असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं.

मी वरवर हसत म्हटलं, बैल फार देखणा आहे, त्याच्यासकट आणखी एक होऊन जाऊ दे. म्हणजे आम्ही तीन आणि बैल चौथा, मधला कोणी उरतच नाही. आपल्या युक्तीवर मी खूश. मग लक्षात आलं, चार. आपल्याकडे चारलाही 'शी' म्हणायचं आणि मरणालाही 'शी'च. पूर्वजांना दुसरा एखादा शब्द सुचला असता तर त्यांचं काय बिघडलं असतं, कोण जाणे. तेव्हा गाडीवानालाही आत घ्यायचं ठरवलं. पाच झाले. पाचांत मधला येतो, पण पाचांचा नियम आईने कधी सांगितला नव्हता, म्हणून तो मी धरला नाही. आता खटका कोण दाबणार? माझा कॅमेरा तिकाटण्यावर लावला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि पळालो. ज्या शेवाळावर ऊन यायची चाळीस मिनिटं वाट पाहिली, त्याच शेवाळावरून घसरलो. तो फोटो सोबत पाठवतोय. बैलाचं तोंड संत्र्यांच्या पिशवीत आहे, गाडीवान बैलाच्या वतीने कुरोगीची माफी मागतोय, आणि खाली डावीकडे जो बूट दिसतो तो माझा.

फुसाए त्यात नाही, कारण ती मला उचलायला निघाली होती. भरभर चालत. भरभर चालायचं नाही असं सांगितलेलं. माझ्यापाशी आली, एक हात छातीवर ठेवला आणि वाकली. ताई, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही, त्या वेळी मला इतकी भीती वाटली की देवाचं नावसुद्धा आठवेना. माझं नाव आठवेना. आणि ती हसत होती. हसू आवरत नव्हतं म्हणून छाती धरली होती. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. अठ्ठेचाळीस वर्षांत असा ओरडलो नव्हतो. कुरोगीने मला हात देऊन उठवलं.

संध्याकाळी शेतांवर क्रौंच उतरले. हजारोंनी. फुसाए म्हणाली, एवढा कलकलाट, आणि माझा आवाज तेवढा यांना चालत नव्हता होय? मी तीस वर्षांत पहिल्यांदा क्रौंचांकडे पाठ फिरवून उभा राहिलो, म्हणजे ती समोर आणि तिच्यामागे ते. हजार वर्षं जगणारा पक्षी आपण समजतो त्याला, त्यातली थोडी तिच्या वाट्याला आली तर बरं, असा माझा सरळ हिशेब होता. पण मागे दिसणारे पक्षी चार किंवा चोवीस असून चालणार नव्हतं, म्हणून प्रत्येक फोटोआधी मी ते मोजत होतो, आणि ते मेले एका जागी राहत नव्हते. काय पुटपुटताय म्हणून तिने विचारलं. उजेड मोजतोय, म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण गेल्या आठवड्यात कुरोगी तो तिघांचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून घेऊन आला. फुसाएने बैठकीच्या खोलीत फळीवर मांडला. मी येता-जाता तो पालथा घालतो, ती येता-जाता उभा करते. धूळ बसते, मी म्हणतो. म्हणून काचा असतात, ती म्हणते. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की तिचा इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढलेला नाही, आणि तो काढला एका गाडीवानाने, कुरोगीच्या खिशातल्या कॅमेऱ्यावर. तो फाडायला माझा हात धजत नाही.

असो. फार लिहिलं. गुडघ्याला ऊब देत जा, त्या पहिल्या आलेल्या बाईंशी पुन्हा बोलायला लाग. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
तोकुजिरो

ता. क. एक काम होतं. आमचं लग्न झाल्यावर आम्ही तुझ्याकडे नागासाकीला आलो होतो, तेव्हा त्या दोन कमानींच्या, चष्म्याच्या पुलावर एक फोटो काढला होता. फुसाए आणि मी लाजून एकमेकांशेजारी उभे राहीनात, म्हणून तू वैतागून मधे उभी राहिलीस. आई तुला रागावलीसुद्धा होती. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, ताई, आणि तू अजून गेटबॉलवरून भांडतेस. तो फोटो मला पाठव. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसताना खिशात ठेवायचाय. बारा तारखेच्या आत पोचेल असं बघ.

ता. क. २. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण रजिस्टरने पाठव.

वन्सं, फुसाएचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला हे विसरले, म्हणून वाचलं. पुलावरचा फोटो नक्की पाठवा, यांना रात्री झोप नाही. क्रौंचांसमोरचे माझे सगळे फोटो हललेले निघाले, तेवढं लिहायचं यांनी टाळलंय. मी बरी आहे. फक्त एक सांगायचं होतं, आणि ते यांना कळू देऊ नका. तिघांच्या फोटोचं ते आमच्या आईनेही मला लहानपणीच सांगितलं होतं. यांची कॉलर दुमडलेली नव्हती.