कोकलणारा ब्रेक

२५ सप्टेंबर २०२५, गुरुवार

आमच्या सायकल क्लबच्या इंद्रजीत सरांनी डिस्क ब्रेकची सायकल मला दिली! माझ्या उंचीची क्लबमध्ये ती एकच आहे. राजश्रीही माझ्याएवढीच उंच. ती दौंडहून येते आणि उतारावर माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं जाते. तरी मला दिली. सर म्हणाले, चढावर तू पुढं असतेस आणि उतारावर सगळं घालवतेस, या ब्रेकनं ते वाचेल. १२ तारखेला जिल्ह्याची निवड. पाबळच्या बाजूला, शेवटी लांब उतार.

आनंद झाला. आणि लगेच वाटलं – राजश्रीला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

२६ सप्टेंबर

जुनी सायकल भिंतीला लावून ठेवली. तिच्याकडे बघवेना. माझा चुलतभाऊ दत्तादादा कुरकुंभला कंपनीत लागला, तेव्हा तिथल्या एका साहेबांची जुनी म्हणून त्यानं माझ्यासाठी आणलेली. तिचे ब्रेक रिमचे. दोन रबरं चाकाची कड दोन्हीकडून धरतात. रबर झिजलं तर दिसतं, तार सैल झाली तर दिसतं. डिस्कचं तसं नाही. चाकाच्या मधोमध पातळ चकती, आणि तिला धरणारे पॅड डबीत बंद. आत काय चाललंय ते कळत नाही. विश्वास ठेवायचा.

आईला सांगितलं, ही सायकल आपली नाही, क्लबची आहे, जपायची. तिनं पदरानं सीट पुसली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज सरावाला सगळ्यांसमोर सर म्हणाले, "अपेक्षा उतार उतरत नाही, जिना उतरते." सगळे हसले. मीही हसले. खरंच आहे ते.

पण आज बरी उतरले. रिम ब्रेकला आधीपासून सांगावं लागतं – वळण लांब असतानाच दाबायला सुरुवात करायची, पाऊस असेल तर त्याहून आधी. डिस्कला ऐन वेळी सांगितलं तरी ऐकतो. एक बोट पुरतं. वळणाच्या तोंडापर्यंत मोकळं जायचं, मग दाबायचं. माझ्या स्वभावाच्या हे उलट आहे. ऐन वेळेवर मी काहीच सोडत नाही. एसटी सुटायच्या आधी अर्धा तास मी शिरूरच्या स्टँडवर असते!

एकच – ब्रेक फार कोकलतो. मागून राजश्री ओरडली, "बाई, तुझ्या सायकलच्या पोटात दुखतंय!" सर म्हणाले, आवाज आला तरी चालतो, ब्रेक लागतोय ना?

घरी आईनं ऐकलं. म्हणाली, "एवढी भारी सायकल आन् वरडती कशी गं?"

२ ऑक्टोबर, दसरा

आप्पांबरोबर झेंडू आणायला घोडनदीच्या बाजारात गेले होते. येईपर्यंत आईची पूजा झालेली. विळे, खुरपी, पाण्याची मोटर, आप्पांची गाडी आणि शेवटी सायकल. अशी चकचकीत केलीय की दुकानातली वाटावी. हँडलला हार. रंगाला डाग पडेल म्हणून मी कुंकू पुसलं. आई बघत होती. पुसायला नको होतं.

३ ऑक्टोबर

आवाज बंद झालाय. आणि ब्रेकही.

तळ्याच्या उतारावर नेहमीसारखं एका बोटानं दाबलं. काहीच नाही. सगळ्या बोटांनी दाबलं – सायकल थोडी हळू झाली, बस. समोरून कांद्याचा पिकअप. बूट रस्त्यावर घासत कशीबशी कडेच्या मातीत गेले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, झोपेत चालवता का?"

मी उशिरा दाबला का? घाबरून बोटांत जोरच आला नाही का? दहा वेळा आठवून पाहिलं. दर वेळी वेगळंच आठवतं.

५ ऑक्टोबर, रविवार

सरांना सांगितलं. त्यांनी चाक उचललं, हातानं फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागेवर थांबलं. सगळे भोवती उभे होते. सर म्हणाले, "ब्रेकला काही झालेलं नाही. हात घाबरतोय तुझा." रागावून नाही, समजुतीनंच म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

मी म्हटलं, मग राजश्रीला द्या. तिचा उपयोग होईल. सरांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. राजश्रीच्या वडिलांनी सायकल टेम्पोत टाकली आणि दौंडला नेली.

घरी येताना हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याची लाज वाटली.

७ ऑक्टोबर

जुन्या सायकलवर उतरले. रबर चाकाला घासल्याचा आवाज किती ओळखीचा! पण पुन्हा जिनाच.

९ ऑक्टोबर

विचार करते आहे – भीती कुठं संपते आणि काळजी कुठं सुरू होते? आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिली. घरात नवीन वस्तू आली की मीच आधी शिकते आणि बाकीच्यांना शिकवते. मिक्सर, मोबाईल, गॅसचा रेग्युलेटर. माझं चुकलं तर 'असं होतं गं' म्हणणारं मागं कुणी नाही. म्हणून मी सगळंच आधीपासून दाबून धरते. बहुतेक मला रिम ब्रेकच शोभतो.

राजश्रीचा फोन आला होता. सायकल कशी आहे विचारलं. "मस्त आहे," म्हणाली. म्हणजे दोष माझाच.

११ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी सामान भरत होते. आईनं विचारलं, ती वरडणारी सायकल उद्या कुणाकडं? सांगितलं, राजश्रीकडं. तर आई म्हणाली, "आता न्हाई वरडायची. दसऱ्याला खोबऱ्याचं त्याल लावलंय त्या ताटलीला. चांगलं चोळून."

एम.एस्सी. करते आहे, घर्षण म्हणजे काय हे मला आईनं सांगायचं का? तेल प्यायलेले पॅड. हातानं फिरवलेलं रिकामं चाक थांबणारच. त्यावर माणूस बसलं आणि उतार लागला की नाही थांबणार. आईला मी 'जप' एवढंच सांगितलं. कसं जपायचं ते नाही सांगितलं. कुरकुरणाऱ्या दाराला, शिलाई मशीनला, मोटेच्या चाकाला तिनं जन्मभर तेलच घातलंय.

राजश्रीचा फोन बंद. सरांना लावला. आई समोरच उभी. जीभ आपोआप म्हणाली, सर, त्या चकतीला मी तेल लावलं होतं.

सर म्हणाले, "हे आज आठवलं? अपेक्षा, सायकल परत पाहिजे तर सरळ सांग."

त्यांचं बोलणं फोनबाहेर ऐकू येत होतं. आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "सर, मी हिची आई बोलती. त्याल म्या लावलंय. हिला ठावंच न्हवतं, खोटं बोलतीया माझ्यासाठी. दुसऱ्याची वस्तू हाय, वरडत कशी द्यायची, म्हणून लावलं. हिला न्हाई पायजे सायकल. त्या पोरीला तेवढं उतरू देऊ नका."

सर काय म्हणाले ते मला कळलं नाही. आई म्हणाली, "खोबऱ्याचं... व्हय, दोन्ही चाकांना." आणि फोन मला परत दिला. स्वयंपाकघरात गेली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सरांनी निघायच्या जागेवरच चकत्या स्पिरिटनं पुसल्या, पॅड नवीन बसवले. मला म्हणाले, "गेल्या रविवारी मी चाक फिरवून बघण्याऐवजी सायकलवर बसायला हवं होतं." उतारभर राजश्रीची सायकल माझ्या पुढं कोकलत होती. ऐकून बरं वाटत होतं. तिची निवड झाली, माझी नाही.

नंतर पाणी पिताना ती हळूच म्हणाली, "मला पण आठवडाभर लागत नव्हता ब्रेक." मी विचारलं, मग फोनवर मस्त आहे का म्हणालीस? म्हणाली, "सर तुला सगळ्यांसमोर म्हणाले ना, हात घाबरतोय. मग मी कशाला सांगते? आज तशीच उतरणार होते."