खाडीच्या तोंडावरचे चार घोट

१२ जानेवारी
आज खाडीच्या तोंडाशी काय लाट उठली होती! दोन होड्या बाहेरच थांबल्या. मी घातली आत! वाळूची पट्टी रोज जागा बदलते, पण नजरेने ती ओळखून होडी आत आणणारा तांडेल अख्ख्या देवबागात एकच – मी. फुशारकी नाही, खरं तेच लिहितोय.

रीत ठरलेली. बायकोने, यशोदाने भरून दिलेली बाटली उघडायची – फेणी, सोडा, लिंबू, मीठ. पहिलं टोपण होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, राखणदार देवाला. मग माझे चार घोट. हात कसा स्थिर होतो! घरी मात्र थेंब घेत नाही. माझी दारू कामाची, चैनीची नव्हे.

१५ जानेवारी
यशोदा म्हणाली, "सोडा आता ती बाटली. तुमका तिची गरज नाय." हसलो. हिला समुद्रातलं काय कळतं!

१९ जानेवारी
सर्वेश आला. होडी त्याची, पण वय माझ्या धाकटीएवढं. कुठेतरी प्यायलेल्या तांडेलाने होडी खडकावर घातली म्हणे. "काका, उद्यापासून बाटली बंद. नाय जमला तर सुकाणू दीपेशाक."

दीपेशला! माझ्याच होडीवरचा खलाशी, त्याला जाळं टाकायला मी शिकवलं!

"तुझो बापूस माझ्या भरवशार बिनघोर निजायचो रे!" म्हटलं. ऐकलं नाही. घरी काही बोललो नाही.

२० जानेवारी
राखणदाराला टोपण वाहिलं. मी तोंड लावलं नाही – शब्द म्हणजे शब्द. खाडीच्या तोंडाशी आलो आणि हात कापायला लागले. पट्टी दिसेचना. होडीचा तळ वाळूला घासला! दीपेशने सुकाणू घेतलं. "काका, बसा जरा." सगळ्यांदेखत.

म्हणजे इतकी वर्षं होडी फेणीच आणत होती? मी कोण मग? उद्या सर्वेशला कळवून टाकतो – दुसरा तांडेल बघ.

२१ जानेवारी
भरलेलीच परत आलेली बाटली बघून यशोदाने विचारलं. सगळं सांगितलं. तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"अवो, दिवाळीपासून तेच्यात फेणी खंय आसा? लिंबू, मीठ नि सोडो. फेणी चमचोभर, वासाक!"

म्हणजे बारा तारखेची ती लाट – मी न पिताच होडी आत घातली होती! राखणदारही दिवाळीपासून सरबतावर. कोपला नाही बिचारा.

निघतो. दीपेशला फोन केलाय – सुकाणूला हात लावू नकोस.